दोन सर्व्हर आणि बागूल मॅडम

बागूल मॅडम कुठलंही माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचायच्या. आम्ही पुढचे रंगीत आलेख बघत असायचो आणि त्या चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं चाळायच्या. मूळच्या सटाण्याच्या. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यात पॅकहाऊसमध्ये त्या संगणक विभाग सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली होतो.

दोन हजारनंतरची ती वर्षं. परदेशातले ग्राहक प्रत्येक पेटी कुणाच्या बागेतली हे विचारू लागले होते. नोंद हरवली तर अख्खा कंटेनर अडकायचा. जुना सर्व्हर ऐन हंगामात मान टाकायचा, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. दोन कंपन्या आल्या. पहिलीच्या मशीनचा वेगाचा आकडा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. मी तो बघूनच हरखलो. संचालकांनी तर मनातल्या मनात खरेदी उरकली होती.

मॅडम म्हणाल्या, "आकडा खोटा नाही. पण तो आपल्या कामाचा आहे का?"

मागच्या पानावर त्यांना सापडलं होतं, की तो वेगाचा आकडा ज्या चाचणीतून आला ती कितीतरी जास्त डिस्क आणि मेमरी लावलेल्या मशीनवर झाली होती. शिवाय चाचणीत बहुतेक काम माहिती वाचण्याचं. आमच्याकडे सगळे एकाच वेळी नोंदी भरणारे. त्यांनी दोन्ही कंपन्यांना मशीनं घेऊन बोलावलं, त्यांत गेल्या हंगामाची माहिती भरली आणि हॉलमध्ये अर्धे ऑपरेटर एकावर, अर्धे दुसऱ्यावर बसवले. संचालक तर समोर बसले होतेच, पॅकिंगच्या बायकासुद्धा काम सोडून बघायला आल्या.

पहिलं मशीन सुसाट सुटलं. मॅडमनी मध्येच दिवसभराचा अहवाल काढायला लावला, तरी ते अडखळलं नाही. दुसरं मात्र रेंगाळत होतं. पहिल्या कंपनीचा माणूस खुर्चीत मागे रेलला. तेवढ्यात मॅडम उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळे पडदे काळे झाले. तो माणूस ताडकन उठून म्हणाला, की असं कुणी करतं का. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की आमच्याकडे वीज मंडळ रोज करतं.

मशीनं पुन्हा सुरू झाली. पहिल्यावर बसलेली सुनीता म्हणाली, "मॅडम, माझी शेवटची पेटी निफाडची होती. नोंद झाली असं आलं होतं. आता दिसत नाहीये." तिच्या शेजाऱ्यांचीही तीच गत. ते मशीन नोंद डिस्कवर लिहिण्याआधीच 'झाली' म्हणत होतं. वेग तिथून येत होता. आधी लिही, मग सांग, असं सेटिंग बदलून मशीनला बजावल्यावर ते दुसऱ्याच्याही मागे पडलं. आणि त्या दुसऱ्यावर शेवटच्या पेटीपर्यंत सगळं जागच्या जागी. मॅडम आनंदल्या की आपल्या अहिराणी बोलीवर यायच्या. मशीनवर थाप मारून म्हणाल्या, "हे आपलं शे!"

त्या हंगामात कंटेनर भरत असतानाच लाइट गेली आणि यूपीएसनेही दगा दिला. सगळे सर्व्हरकडे धावले. मशीन उठलं, एकही पेटी हरवली नव्हती. कंटेनर फाटकाबाहेर पडला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी यजमानांच्या बदलीमुळे त्या नागपूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, की सगळ्या संचालकांसमोर स्विच ओढताना भीती नाही वाटली?

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पण हंगामात तो स्विच कुणीतरी ओढणारच होतं. म्हटलं, आधी आपण ओढू."