सर्व्हरचं घोडं कुठे पेंड खातं

दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत त्या एकट्याच. वय एक्केचाळीस, पण सगळे त्यांना काकू म्हणत. नोंदणीच्या खिडकीवरचा साठीला टेकलेला कारकूनसुद्धा. या हाकेचा त्यांना आलेला वैताग जुना होता. नवा वैताग तीन आठवड्यांचा. रोज सकाळी दहाला सर्व्हर असा सुस्तावायचा की एका पेशंटची नोंद व्हायला पाच मिनिटं लागायची. रांग दाराबाहेर जायची आणि व्यवस्थापकांचा फोन यायचा, "काकू, रीस्टार्ट करा ना!"

रीस्टार्ट करून करून त्या विटल्या. शेवटी त्यांनी काळ्या स्क्रीनवर एक कमांड चालवली. कर्नेल, म्हणजे सर्व्हरचा कारभार हाकणारा गाभा, कशात गुंतलाय ते सेकंदाला शेकडो वेळा डोकावून टिपायचं, हे तिचं काम. यादी आली, पण कामांच्या नावांच्या जागी नुसते लांबलचक आकडे.

"आता हे कुणी वाचायचं, कपाळ माझं?"

नावं दिसायला मुख्य कचेरीची परवानगी लागत होती. तिथल्या गृहस्थांना चार फोन झाले.

"आजवर कुणी मागितली नाही हो."

"आजवर कुणी शोधलंच नाही, म्हणून!"

चौथ्या दिवशी परवानगी आली. दहाला पुन्हा तीच कमांड. या वेळी नावं उमटली. कर्नेलचा सत्तर टक्के वेळ पेशंटच्या नोंदींच्या एकाच फोल्डरमधल्या फायली धुंडाळण्यात जात होता. हे काम त्याला सांगतंय कोण? काकूंनी एकेक दुवा मागे मागे तपासला आणि कपाळावर हात मारला. व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला मोठा स्क्रीन! 'थांबलेले पेशंट' हा एक आकडा ताजा ठेवायला तो दर सेकंदाला जुन्यानव्या लाखभर नोंदी मोजत होता. साहेब दहाला यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधी तो लावायचे.

काकू तरातरा केबिनमध्ये गेल्या आणि स्क्रीन बंद करायला लावला. पंधरा मिनिटांत रांग हलली.

"पण रांग किती आहे हे मला कळणार कसं?"

"दार उघडून बघा ना, साहेब."

साहेब गोरेमोरे झाले. दुपारी मात्र स्वतः खोलीत आले, "तासातून एकदा मोजलं तर चालेल?" काकूंनी तसं करून दिलं.

संध्याकाळी मुख्य कचेरीचा मेल आला : काम झाल्याने परवानगी काढून घेण्यात येत आहे. काकूंनी तो दोनदा वाचला आणि नवऱ्याला फोन लावला.

"आज जेवणाचं तू बघ. आणि घरात कुणी मला काकू म्हणायचं नाही!"