जवसाची पूड आणि पोराचा भात

नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणच्या डॉक्टरने मशीन लावून पोट तपासलं आणि सांगितलं, बायकोच्या लिव्हरवर चरबी चढलीय. मी भडकलोच. "आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाय."

"दारूशिवायही होतं, बाबा. भात कमी करा, गोड-तळलेलं बंद. जवस, मेथीदाणे जेवणात घ्या. पण ते काय औषध नव्हे. भात आवरला तरच उपयोग."

आमच्या गडब गावात लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. कुणी ओळखीचं विचारायला नको म्हणून जवस पेणला न घेता रोह्याहून आणला. तिथे जवळच धाटावला आमचा मुलगा कंपनीत होता, खोली करून राहायचा. सुट्टीला येतो म्हणायचा, यायचा नाय.

जवस मी स्वतः भाजला. मला चुलीपुढे बघून बायको हसली, "अवो, आता लुगडं नेसा नि पाण्याला जावा." पूड करून डबा भरला. पावसाळाभर तिने ती खाल्ली. पुन्हा मशीन लावलं, तर चरबी तेवढीच.

"जेवतात किती या?" डॉक्टरने विचारलं. मला सांगता येईना. एवढा संसार झाला, पण तिला जेवताना मी पाहिलीच नव्हती. मी उठलो की ती बसायची.

त्या दिवशी मी जेवलो आणि तिथेच बसलो.

"जावा की भायेर वटीवर."

"बसतो. माझं घर हाय."

ती ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. भातावर जवसाची पूड घातली आणि टोपातला सगळा भात खरवडून संपवला.

"एवढा शिजवतेस कशाला गो?"

"पोरगा आला तर?"

"नाय येत तो."

"आला तर काय दगड वाढू? आणि उरलेला टाकू? आपल्या शेतातला हाय."

दुसऱ्या दिवशी मी तांदळाचं मापटं लपवलं. दोघांपुरते तांदूळ ओंजळीने काढून दिले. घरात सुतक असल्यासारखा स्वयंपाक व्हायचा. पण हळूहळू तिची धाप कमी झाली, पाय उचलायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग एका दुपारी पोरगा न सांगता आला. रात्रपाळी करून, कासू स्टेशनला गाडीतून उतरून चालत. "आये, भूक लागलीय."

टोप घासून पालथा घातलेला. तिने शेजारून भात मागून आणला. आम्ही भात पिकवणारी माणसं, आणि पोराच्या ताटात मागितलेला भात! तो जेवला, झोपला, संध्याकाळी गेला. पुढे कितीतरी दिवस आला नाय.

दुसऱ्या सकाळी मापटं परत तांदळाच्या डब्यात होतं. कुठून शोधून काढलं, मी विचारलं नाय. माझ्या हातात जवस भाजणं तेवढं उरलं. तो मी भाजत राहिलो.

मी जेवून उठेपर्यंत ती थांबायची, मग ती पूड त्या ढीगभर भातावर घ्यायची. म्हणायची, "तुमच्या हाताला चव हाय हो, भात चार घास जास्तच जातो."