हातचा दाणा

तानीला दिवसभरात बसायला मिळायचं ते फक्त कंत्राटदाराच्या गाडीत. कुंभवलीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून बाटल्या खोक्यात भरायच्या, मासवणच्या फाट्याला उतरायचं आणि तिथून पाड्यापर्यंत पायी. दारात पाऊल टाकेपर्यंत बाईचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. आणि दारात काय? तर तिच्या लेकीनं, दीपिकानं, उचलून आणलेलं कुणीतरी.

कधी लंगडं कुत्र्याचं पिल्लू, कधी पंख दुखावलेला बगळा. एकदा तर शेजारच्या रखमाची म्हातारी शेळीच, का तर म्हणे तिच्याशी घरात कुणी बोलत नाय. पोरगी जेमतेम चौथीत, पण साऱ्या दुनियेची आई होऊन बसली होती. एक दिवस शाळेतून अनवाणी आली. चपला कुठायत विचारलं, तर वर्गातल्या एका पोरीच्या पायात काटा भरला होता, तिला दिल्या म्हणाली. तानीनं कपाळावर हात मारून घेतला. रागवायचं म्हटलं तरी अंगात बळ लागतं हो, ते ती कारखान्यातच ठेवून यायची.

तांबड्या कोंबड्याचंही असंच झालं. पावसाळ्याआधी तानीचा नवरा अंकुश काविळीनं आडवा झाला. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाण्याचा घोट ठरेना. पालघरच्या दवाखान्यात सलाइनी लागल्या. तानीनं औषधपाणी केलं आणि वाघदेवाला तांबड्या कोंबड्याचा नवसही बोलली. दोन्हीतल्या कशानं ते देव जाणे, पण माणूस उठून बसला. आता नवसाचा कोंबडा विकत कशाला आणायचा? घरात तांबडं पिल्लू होतंच, त्याची आई तेवढी मुंगसानं नेली होती. तानी दीपिकाला म्हणाली, ह्याला जगव.

चूक झाली ती इथं. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की देवाच्या कोंबड्याला नाव ठेवू नये आणि हातावर दाणा देऊ नये. अंगणात फेकावा आणि पाठ फिरवावी. तानीच्या आईनं तिला हे शिकवलं होतं. आपल्या पोरीला सांगायचं म्हणून तानीनं रोज ठरवलं, आणि रोज भिंतीला पाठ टेकल्या टेकल्या तिला झोप लागली. पिल्लू पोरीच्या ओंजळीत वाढलं. 'तांबड्या' म्हणून हाक मारली की असेल तिथून धावत यायचं. जमिनीवर पडलेल्या दाण्याकडं ते ढुंकूनही बघायचं नाही.

तानीच्या हे ध्यानात आलं तोवर त्याला तुरा फुटून तो आरवायलाही लागला होता. दुसरा कोंबडा बघूया का, असा तिनं एकदा अंकुशजवळ विषय काढला. तो अजून कामावर जात नव्हता. चार पावलं चालला की धाप लागायची, आणि नवस फिटला नाही म्हणूनच अंगात बळ भरत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. देवाला दाखवलेला जीव बदलू नको, एवढंच तो म्हणाला. तानीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला पाड्याच्या वरच्या अंगाला, वाघदेवाच्या लाकडी खांबापाशी सगळे जमले. तानीनं खाडा केला होता. रीत अशी, की भगतानं देवापुढं तांदूळ मांडायचे आणि कोंबडा मोकळा सोडायचा. त्यानं दाणा टिपला तर देवानं नवस घेतला. नाही टिपला तर देव नाराज, तो कोंबडा कापायचा नाही. गोमा भगत म्हणजे अंकुशचा चुलता. त्यानं शेंदूर लावला, नारळ ठेवला, तांदळाची रास घातली आणि तांबड्याला खाली ठेवलं.

तांबड्यानं मान वाकडी करून राशीकडं पाहिलं. मग तांदूळ तुडवत पलीकडं गेला आणि उभा राहिला.

गोमानं त्याला उचलून पुन्हा ठेवलं. पाणी शिंपडलं. चुकलंमाकलं पदरात घे म्हणून देवाला विनवलं. कोंबडा ढिम्म. बायका कुजबुजायला लागल्या. अंकुशच्या तोंडचं पाणी पळालं. तो मटकन खाली बसला आणि देव आता मला सोडत नाय, असं स्वतःशीच पुटपुटायला लागला.

कोंबडा का टिपत नाही, हे तिथं मायलेकी दोघींनाच माहीत होतं. सांगावं तर पोरीचा तांबड्या जातो, न सांगावं तर नवरा धास्तीनंच झुरून मरतो. खरं सांगायचं तर तिला वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानंच काय ते ठरवावं, मी आता दमले.

दीपिका बापाकडं बघत होती. मग ती पुढं आली, राशीतले तांदूळ उजव्या हातात घेतले आणि देवापुढं उकिडवी बसली.

"देव रागावला नाय, बाबा," ती म्हणाली. "तांबड्या माझ्याच हातचं खातो."

तिनं हात पुढं केला. तांबड्या धावत आला आणि टिपायला लागला. बायकांनी हुश्श केलं. गोमानं अंकुशच्या पाठीवर थाप मारली. तळहात रिकामा होईपर्यंत दीपिका हलली नाही. मग उठली आणि मागं वळून न बघता घराकडं चालती झाली.

दिवेलागणीला नवसाचं जेवण झालं. बापाला दीपिकानंच वाढलं. भात, रस्सा, वर दोन तुकडे.

"खा बाबा," ती म्हणाली. "आता तू बरा होशील."

अंकुशनं ताट जरा दूर सारलं. पण पोरगी समोरून हलेना, म्हणून तो जेवला. ताट निपटून जेवला.

मग ती स्वतः कोरडा भात घेऊन बसली आणि डाव्या हातानं खायला लागली. उजव्या हातानं जेव गं, असं तानीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला दिसलं, पोरीनं उजव्या हाताची मूठ आवळून पाठीमागं धरली होती.

तानीचे खांदे ठणकत होते आणि सकाळी पुन्हा गाडी गाठायची होती. रडायलाही तिच्यात जीव नव्हता. ती ताटाजवळ सरकली, भात कालवला आणि घास पोरीच्या तोंडाशी नेला. दीपिकानं एकदा आईच्या हाताकडं पाहिलं. मग तोंड उघडलं.