माहेरची पेटी आणि पट्टीचे आकडे

मामाजींना चोर समजणारी बाई अख्ख्या अकोल्यात एकच होती, आणि ती त्यांची बायको होती. बाकी सगळी जठारपेठ त्यांच्याकडे हक्कानं यायची. कोणाची किल्ली विहिरीत पडायची, कोणाचं कुलूप गंजून बसायचं, आणि माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "भाऊ, चाला जरा." मामाजी जेवणावरून उठायचे. मागे सासूबाई पुटपुटायच्या, "चालले लोकायची घरं फोडाले."

मी लग्न होऊन अमरावतीहून या घरात आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कापसाच्या प्रेसमध्ये फिटर होते. तिथे रुई दाबून तिच्या गाठी करत आणि प्रत्येक गाठीला लोखंडी पट्टी आवळत. तुटलेली पट्टी भंगारात जायची. मुकादमाला विचारून मामाजी तिचे तुकडे घरी आणायचे. जोडीला मोडक्या छत्रीच्या काड्या आणि करवतीची तुटकी पाती असायची. अंगणात रुळाचा एक तुकडा रोवलेला होता, तीच ऐरण. पट्टी चुलीत लाल करायची, ठोकायची, कानशीनं घासून बारीक करायची आणि टोकाला नखाएवढं वळण द्यायचं. कुलपात घालायच्या या वस्तूला ते आकडा म्हणत. सासूबाई चोरट्यायचं सामान म्हणत, आणि माझ्या चुलीत पट्टी खुपसलेली दिसली की मीही मनात तेच म्हणे.

त्यांची एक रीत होती. काम झालं की आकडा मालकाच्या डोळ्यांदेखत वाकडा करून टाकायचा, तयार आकडा घरात ठेवायचा नाही. त्याच माणसाची किल्ली पुन्हा हरवली तर मामाजी घरूनच नवा आकडा घडवून न्यायचे, कुलूप न पाहता, आणि तो पहिल्याच फेऱ्यात लागायचा. मला याचं फार नवल वाटे. ते म्हणायचे, "सूनबाई, येकदा हात लागला का कुलूप हाताले याद राह्यते."

आता अशा माणसाच्या घरात सासूबाईंची पेटी होती. सागवानी, कोपऱ्यांना पितळ मारलेली, शेंदूरजनाघाटहून त्यांच्याबरोबर सासरी आलेली. कुलूप बाहेर लोंबणारं नव्हतं, लाकडातच बसवलेलं होतं. ती पेटी उघडताना सासूबाई खोलीचं दार लावून घेत. किल्ली कमरेला लावत नसत, लपवत. आज तुरीच्या डब्यात, उद्या छपराच्या कवेलूखाली, परवा जात्याच्या पाळीत. मला हसू आवरत नसे. ज्याला किल्ली लागतच नाही, त्याच्यापासून किल्ली लपवायची, याला काय म्हणावं? एकदा मी हिय्या करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "मले ठावं हाय, थे कवाचेच उघडून बसले असतीन. पन आपून आपलं जपाव." आणि तोंड फिरवून कणीक मळायला लागल्या. हे बोलणं थट्टेचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं, आणि मामाजींची दयाही आली.

माझ्या नणंदेला अमरावतीला मुलगा झाला. घरातलं पहिलं नातवंड. सासूबाईंनी त्याच्यासाठी हातानं कुंची शिवली होती, लाल खणाची, जरीचे काठ लावलेली. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला जायचं आणि तिथून अमरावतीला, असं ठरलं होतं. कुंची पेटीत होती. आणि निघायच्या दिवशी सकाळी किल्ली सापडेना. नेमकी कुठे लपवली हे सासूबाईच विसरल्या होत्या.

आम्ही दोघींनी तुरीचा डबा सुपात उपडा केला, जातं उचललं, मी तर शिडी लावून कवेलू काढून पाहिले. काही नाही. म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या पोत्यात हात घालून घालून माझी कोपरं माखली. शेवटी मी म्हटलं, "मामाजींना सांगू का?" सासूबाईंनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "पेटी फोडाची नाई," त्या म्हणाल्या. "मायच्या हातची हाय."

मी बोलावल्यावर मामाजी आले, पण दारातच थांबले. त्यांनी मला विचारलं, "तिनं सोता सांगतलं का?" मी हो म्हटलं तेव्हा आत आले, पेटीसमोर मांडी घातली आणि कुलपाच्या भोकात काडी घालून कान लावला. मग बाहेर जाऊन पट्टीचा तुकडा तापवला, ठोकला, घासला. आकडा आत गेला, कुठेतरी लागला, पण फिरेना. त्यांनी दुसरा केला, जरा लांब नाकाचा. तोही फिरेना. तिसरा फारच बारीक झाला, तो आतच वाकला आणि काढताना त्यांचं बोट कापलं. मी हळद आणायला उठले तर म्हणाले, "राहू दे, गाडीची येळ पाह्य." घामानं त्यांची बंडी पाठीला चिकटली होती. या माणसाला मी कुलपापुढे असं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई भिंतीला टेकून सगळं पाहत होत्या. त्यांचा पारा चढत चालला होता. शेवटी बोलल्याच. "लोकायचे कुलपं पटकन उघडता, अन् मायाच पेटीले काहून येळ लागून राह्यला? सूनबाईले दाखवाले नाटक करता का?"

मामाजींनी वरही पाहिलं नाही. "लोकायचे पाह्यले हायेत. हे नाई पाह्यलं."

"आता उघडा सरळ. मले काई समजत नाई का?"

मामाजींनी पहिला आकडा पुन्हा उचलला. घातला, उजवीकडे दाबला. नाही. काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा उजवीकडेच. मनगटाची शीर फुगेपर्यंत उजवीकडे. माझं लक्ष सहज सासूबाईंकडे गेलं. रागानं ताणलेला त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत होता. त्या मामाजींच्या हाताकडे पाहत होत्या, तोंडाकडे नाही. मग त्या भिंतीचा आधार सोडून पुढे सरकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते उलटं फिरते."

"काय?"

"कुलूप. डाव्या अंगानं फिरते ते. पयल्यापासून."

मामाजींनी आकडा डावीकडे वळवला. आत खट् झालं.

पहिलाच आकडा बरोबर होता; लोकांची कुलपं उजवीकडे उघडत, म्हणून मामाजींनी तो डावीकडे वळवून पाहिलाच नव्हता. हे कुलूप डावीकडे फिरतं हे मामाजींना ठाऊक असणारच, असं धरून सासूबाई गप्प बसल्या होत्या. आणि त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या हातांना शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुलपं याद होती, त्या हातांनी घरातल्या या एका कुलपाला कधी बोटही लावलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, का ते सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, "तुमाले खरंच मालूम नोतं."

"कसं मालूम असंन? तुयी पेटी हाय नं ते."

एवढं बोलून मामाजी उठले. झाकण अजून उघडायचं होतं. त्याच्या आधीच ते आकडे गोळा करून अंगणात गेले. मग नांदेवर हात धुण्याचा आवाज आला.

सासूबाईंनी झाकण उचललं. वरच कुंची होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी मेली वाकून पाहत होते, इतक्या वर्षांचं एवढं गुपित काय म्हणून. दोन लुगडी, एक फुटक्या काठाचा आरसा, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सासूबाईंनी ते फडकं घेतलं आणि तशाच अंगणात गेल्या. मीही मागे गेले.

फडक्यात चाकू होता. लाकडी मुठीचा, लहानसा, पातं गंजलेलं. "बाचा हाय," त्या म्हणाल्या. माहेरी त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती, आणि जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं काम लग्नाआधी त्याच करत. त्यांनी बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. सासरी आल्यावर त्यांच्या सासूनं पेटीत चाकू पाहिला आणि नवरीच्या पेटीत पातं म्हणजे अपशकुन, विहिरीत टाक म्हणाली. त्यांनी टाकला असं सांगितलं आणि लुगड्यांखाली ठेवला. नवऱ्याच्या नजरेला पडला तर तो आईला सांगेल, ही भीती. सासू गेली, तरी ती भीती राहिली.

मामाजींनी धोतराला हात पुसले, मग चाकू घेतला. पात्यावर नख फिरवून पाहिलं. आत जाऊन धार लावायचा तेलाचा दगड घेऊन आले आणि ऐरणीशी बसून गंज काढू लागले. मी म्हटलं, "मामाजी, गाडी." त्यांनी ऐकलं नाही. सासूबाई शेजारी दगडावर बसल्या आणि हातवारे करून सांगू लागल्या, साल किती खोल चिरायची, डोळा कसा आत सरकवायचा, सुतळी कुठून गुंडाळायची. एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मामाजीही बहुधा पहिल्यांदाच.

दुपारची गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो आणि बारशाला कुंची मिळाली.

पण त्या अंगणात, पात्याला धार येत असताना, मामाजींनी विचारलं होतं, "इतके दिस काहून नाई सांगतलं मले?" आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटलेलं होतं.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी पेटी नाई उघडली ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पन तिच्यात काय हाय, हे येकदा तरी इचाराचं व्हतं."