बर्फाच्या डोंगराचं मागचं दार

"डोन्ट लेट गो, बाबा! डोन्ट लेट गो!"

माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडत होती. हात सोडायचा प्रश्नच नव्हता, कारण तारेवरून वर नेणाऱ्या त्या लोंबकळत्या खुर्चीत कुणी कुणाला धरलं होतं याचा निकाल कुठल्याही कोर्टात माझ्या बाजूनं लागला नसता. खाली बर्फ, बाहेर वाळवंटातला ऑगस्ट. खुर्ची टोकाला पोचली, तिथला माणूस "यल्ला, यल्ला, स्टँड अप!" म्हणाला, आणि आम्ही बापलेक हातात हात घालून घसरलो ते थेट कठड्याला जाऊन थडकलो.

सुट्टीत तिनं मॉलमधल्या या नकली बर्फाच्या डोंगरावर, खालच्या उतारावर, स्कीइंगचे धडे घेतले होते. वर जायला सोबत स्की येणारं मोठं माणूस हवं, असं काउंटरवर कळलं. मी छाती पुढं काढून सांगितलं, "गुलमर्गला शिकलोय." गुलमर्गला मी लग्नानंतर गेलो होतो, हे खरंच आहे. तिथं एका दाढीवाल्यानं मला लाकडी घसरगाडीत बसवून पोत्यासारखं ओढलं होतं, एवढंच फक्त काउंटरला सांगायचं राहिलं. बायको काचेपलीकडच्या कॅफेत बसली होती. माझी फुगलेली छाती पाहून तिनं कपाळाला हात लावला.

शिवाय मला वाटत होतं, हा डोंगर तर आपल्याच जातकुळीतला. तो बांधताना मी पाहिलाय. मॉलच्या डोक्यावर पत्र्याची एक अजस्र नळी तिरकी चढत होती. आम्ही शारजावाले ट्रॅफिकमध्ये अडकून तिच्यावर पैजा लावायचो. कुणी म्हणे विमानतळ, कुणी म्हणे चंद्रावर माणसं सोडायची तोफ. मी म्हणालो, "खलास, ही कोल्ड रूम आहे." रास अल खोरच्या कारखान्यांच्या वस्तीत माझा धंदाच तो. मासे, मटण, मटार यांना राहायला थंड खोल्या बांधून द्यायच्या. इथं आत मटारांऐवजी माणसं ठेवलीयत. रात्री नळ्यांतून पाण्याचा धूर सोडतात, तो जमिनीवर पडेपर्यंत बर्फ होतो. खाली शिकाऊंचा सपाट उतार, मध्ये खुर्चीचा थांबा, एका बाजूला पेंग्विन, आणि सगळ्यात वर ती जागा, जिथं आता मी उभा होतो.

खाली पाहिलं. उंचावरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात म्हणतात. मला मुंग्यासुद्धा दिसल्या नाहीत. मी कठडा घट्ट धरला.

"बाबा, यू गो फर्स्ट?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"थांब गं. तिकडं काय आहे ते बघून आलोच. दोन मिनिटं."

तिकडं भिंतीत एक दार होतं. वर हिरवा दिवा, मध्ये ढकलायचा आडवा दांडा. आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. आत घाबरलास तर विचार करायचा नाही, दार शोधायचं आणि दांडा ढकलायचा. कित्येक वर्षं मीच ती शिकवत आलोय. मी पायातल्या स्की काढल्या. शपथेवर सांगतो, दार नुसतं बघायचं होतं. पण हातांनी मला विचारलंच नाही.

मागं 'धप्प' झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. तसली दारं बाहेरून उघडत नाहीत.

लोखंडी जिन्याच्या टोकाला मी उभा होतो. अंगात फ्रीझरचं जाडजूड जाकीट आणि समोर पेटलेलं आकाश. पापण्यांवरचा बर्फ वितळला, उकळला आणि त्याची वाफही झाली. मी दारावर मुठी मारल्या, पोरीच्या नावानं हाका मारल्या. मग आठवलं. असली भिंतीची पॅनेल विकताना मीच गिऱ्हाइकाला सांगतो, "साहेब, आत ढोल बडवा, बाहेर ऐकू येणार नाही."

तेव्हा मी खरा घाबरलो. त्याआधीची भीती माझ्या हाडांची होती, ही वेगळी होती. ती वर एकटी आहे. तिला वाटेल बाबा पडला. कठड्यावरून वाकून बघेल. फोन तर खाली लॉकरमध्ये.

जिन्याला किती पायऱ्या होत्या? चार हजार. बायको म्हणते शेदोनशे. पण तिनं त्या दगडासारख्या बुटांत उतरून पाहिलेल्या नाहीत. खाली मालाच्या गाड्यांपाशी एका गार्डनं मला अडवलं.

"कहाँ से आया?"

"ऊपर से."

"ऊपर क्या है?"

"मेरी बेटी," म्हणालो आणि वर बोट दाखवलं.

त्यानं माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता वायरलेस तोंडाला लावला. पलीकडून उत्तर यायच्या आत मी पळालो. अत्तराच्या दुकानांवरून, घड्याळांच्या दुकानांवरून, खाड खाड खाड. बाया पोरांना जवळ ओढत होत्या. वाटेत येईल त्या देवाला नवस बोललो. आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर वसईचं कुटुंब राहतं, त्यांच्या मदर मेरीलासुद्धा पाच मेणबत्त्या कबूल केल्या.

कॅफेत बायकोशेजारी लेक बसली होती. डोक्यावर हेल्मेट, हातात चॉकलेटचा कप. नाक लाल होतं. ते थंडीनं की कशानं, मी विचारलं नाही.

"अहो, होतात कुठं तुम्ही? एकटी घसरत आली ही!" बायको म्हणाली.

मी लेकीपुढं गुडघ्यांवर बसलो. जाकिटातून घाम फरशीवर टपकत होता. सांगायला दार होतं, जिना होता, गार्ड होता. आख्खं रामायण जिभेवर तयार होतं. ते बाजूला ठेवून मी तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला.

"घाबरलीस का गं?"

तिनं कपातून तोंड वर काढलं.

"आय वेटेड," ती म्हणाली. "देन आय केम डाउन."