पानी हाय

आख्ख्या गावात सगळ्यात चोख दूध माझं. फक्त आमच्या दूध सोसायटीच्या सेक्रेटरीला ते कवाच पटलं न्हाई. काचेची नळी दुधात सोडायचे, चष्मा कपाळावर सारायचे अन् लायनीतल्या समद्यांपुढं म्हनायचे, "पानी हाय."

"म्हशीनं जास्त पेलं आसंल."

"मग उद्या म्हशीलाच धाड. तू येऊ नको बे."

पुढं त्यांच्या दोनी किडन्या गेल्या. त्यांच्या बायकोनं, आमच्या वैनीनं, सवताची एक काढून दिली. डाक्टर म्हनले, गर्दीत जाऊ नका. तर चेरमननं गाव गोळा करून सत्कार ठिवला. नारळ देनारा खुर्चीत, अन् किडनी देनारी मागं चहा गाळायली. टाळ्या वाजवनारा पयला मीच.

डाक्टरनी रोज तीन लिटर पानी सांगितलं. अन् नेमका तवाच दुष्काळ! पालीच्या धरणात शेरडं चरायली. टँकर चार दिसाला यायचा, त्यो बी आधी चेरमनचा हौद भरून. माझं दूध मात्र सुधारलं. घालायला पानीच न्हवतं ना.

सेक्रेटरी घरात तोंडाला फडकं बांधून भिताडाकडं बघत बसायचे. समोर भरला तांब्या तसाच.

"ही एका किडनीवर कळशा वाहती, अन् मी बसून ढोसू व्हय?"

वैनी भडकायची, "किडनी माजी हाय! वाळवू नका तिला."

मी हसवाया गेलतो.

"कावून आलास बे?"

"हसवाया."

"मग हसव."

तुमाला सांगतो, मला एक इनोद आठवंना. तसाच घरी आलो.

मग डोस्कं लढवलं. मी आंघोळ सोडली. कुनाच्या ध्यानात बी आलं न्हाई. ते वाचल्यालं पानी उकळायचं, वर दुधाची नुसती धार, अन् चरवी घिऊन हजर. "सेक्रेटरी, म्हशीचं हाय, चोख."

त्यांनी फडकं खाली केलं, घोट घेतला, चष्मा कपाळावर सारला.

"पानी हाय."

अन् चरवी रिकामी केली. रोज. म्हैना झाला तसे ओट्यावर येऊन बसले, येनाऱ्या-जानाऱ्याला शिव्या द्यायले. लई बरं वाटलं.

त्यानंतर चांगली आठ-नऊ वर्सं काढली त्यांनी. आता सोसायटीत मशीन हाय. ते गुमान चिठ्ठी देतं.

परवा वैनीपुढं छाती फुगवली, "सेक्रेटरीला दुधात फसवनारा मी एकटाच."

वैनी ज्वारी पाखडत व्हती. मान वर केली न्हाई.

"पयल्याच दिशी वळखलं व्हतं त्यांनी. नळी कशाला लागती? तुमच्या वासावरनं. म्हनायचे, येडं बिनआंघोळीचं फिरतंय माज्यापायी, सांडू कसं?" तिनं सूप आपटलं. "आता नळ आलाय भावजी. आंघोळ करत जा."