म्हशीच्या पाठीवरून माळढोक

"खाल्ली! भवानीनं समदी खोपी खाल्ली! आरं फोटूवाल्या, भाईर ये, तुजं घर खाल्लं!"

लांब बांधावरून मावशी बोंबलत होत्या. मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. माझा एक डोळा चारशे एमएमच्या लांब लेन्सला चिकटलेला आणि दुसरा घट्ट मिटलेला. कारण लेन्सच्या पलीकडं, बेंबळीच्या माळावर, माळढोक उभा होता. नर. डोक्यावर काळी टोपी, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून पार गुडघ्यापर्यंत सोडलेली, शेपटी पाठीवर उलटी उभारलेली. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा तो 'हुम्म' करायचा, आणि माझ्या बरगड्या थरथरायच्या. पार तेरपर्यंत भांडी वाजत असणार, मी शपथेवर सांगतो.

माझ्या शपथेला गावात किंमत नव्हती, हीच तर खरी अडचण.

आठवड्याआधी दूध सोसायटीच्या कट्ट्यावर मी म्हणालो होतो, माळावर माणसाएवढा पक्षी बघितला. सगळा कट्टा हसला. सोसायटीचे चेअरमन तर पोट धरून हसले. "फोटूग्राफर, तुमच्या बोलण्यात लॅक्टोमीटर सोडला तर तळाला जाऊन बसंल, येवढं पानी हाय," म्हणाले. "फोटू आणा. आणला तर हापिसात माझ्या फोटूशेजारी टांगतो. न्हाय आणला, तर ह्या कट्ट्यावर पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाय. चहा प्यायला उघडलं तर चालंल."

मला गप्प बसायची शिक्षा! त्यापेक्षा खडी फोडायला पाठवलं असतं तर हसत गेलो असतो.

लेन्स माझ्याकडं होती. हैदराबादेत जुन्या बाजारातून आणलेली, एवढी लांब, की मी येडशीच्या स्टेशनात उभा राहिलो तर तिच्या टोकानं रामलिंगाच्या देवळातली घंटा वाजावी. एसटीच्या कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं. पण माळ म्हणजे तळहात. झाड नाही, झुडूप नाही, आणि त्या साली आषाढ आला तरी पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून गवतही नाही. लपायचं कशाआड? पक्षी माणूस बघितला की अर्ध्या कोसावरून पाठ फिरवायचा.

तेव्हा मला कडब्याची खोपी सुचली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचायच्या, मधे पोकळी, पुढं लेन्सपुरतं भोक. रानात कडब्याचा ढीग बघून कुठला पक्षी बिचकतो? पण त्या दुष्काळात कडबा लोकांनी तिजोरीत ठेवायचा तेवढा बाकी होता. गावात धड गंजी एकच, मावशींची, आणि तीही त्यांच्या भवानी म्हशीसाठी पोटच्या पोरासारखी जपलेली. ती म्हैस म्हणजे सोसायटीची शान. तिच्या दुधात बोट बुडवलं की बोटाला तूप लागायचं.

"मावशी, पेंढ्या द्या. काडी न् काडी परत आणतो. वर तुमचा फोटो फुकट."

"माजा फोटू काय चाटायचाय? म्हशीचा काढ."

"म्हशीचा काढतो."

"बग हां. शबूद दिलास."

असा करार झाला. आणि तालुक्यातली सगळी जनावरं उपाशी असताना मी माळाच्या मधोमध कडब्याचं घर बांधून आत जाऊन बसलो. भुकेल्या पंगतीत कुणी भाकरीचा सदरा घालून बसावं, तसा.

त्या सकाळी म्हशीनं दावं तोडलं. ती मागून आली. आधी माझ्या पाठीला गार लागलं; वाटलं, काय झकास वारं सुटलंय. मग मानेवर ऊन पडलं. मग कानात कुणीतरी गरम श्वास सोडला. वळून बघितलं तर मागची भिंत नाही, डावी भिंत निम्मी, आणि राहिलेली निम्मी म्हशीच्या तोंडात!

तोवर मावशींच्या बोंबेनं पक्षीही सावध झाला. पिशवी आत गेली, मान काठीसारखी ताठ, एक पाय उचललेला. आता उडणार. उडाला की मी जन्माचा मुका.

तेवढ्यात म्हैस उजवीकडच्या पेंढ्यांसाठी वळसा घालून माझ्यासमोर येऊन आडवी उभी राहिली. पक्ष्यानं बघितलं. म्हैस. जन्मापासून म्हशी बघितलेल्या त्यानं. त्याला तिचं काय? पाय खाली आला. मान सैल पडली.

अन् माझ्या डोक्यात वीज चमकली. अंगावरचं काळं घोंगडं डोक्यावरून ओढलं, हळूच उठलो आणि लेन्स म्हशीच्या पाठीवर टेकवली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हशीला वशिंड फुटलं. पण म्हैस पुढं सरकली की फोटो हलणार. मग काय! डाव्या हातानं उरलेली खोपी उपसायला लागलो आणि काडी काडी तिच्या तोंडात द्यायला लागलो. उजवा हात कॅमेऱ्यावर, डावा गव्हाणीत.

"आरं देवा, सोताच्या हातानं चारतुय मुड्दा!" मावशी किंचाळल्या. तेवढ्यात पक्ष्यानं पिशवी सोडली. पांढरी, टम्म, गुडघ्यापर्यंत. शेपटी उभी. 'हुम्म!' मावशी पदर तोंडाला लावून बांधावर मटकन खाली बसल्या. म्हशीनं घास तोंडातच धरला, श्वाससुद्धा रोखला. मी खटका दाबला. पुन्हा दाबला. रोल संपेपर्यंत दाबत राहिलो.

मग माळढोक जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा सावकाश चालत निघून गेला. मी घोंगडं हवेत उडवलं आणि म्हशीचा मुका घेतला. खोपी म्हणाल तर खाली उरला होता नुसता भुगा. पण कबूल केल्याप्रमाणं काडी न् काडी मावशींच्याच गोठ्यात परत गेली होती, म्हशीच्या पोटातून.

फोटो ताटाएवढा मोठा केला. चेअरमननी चष्मा लावून बघितला, काढून बघितला, आणि स्वतः खुर्चीवर चढून खिळा ठोकला. त्या दिवशी मी कट्ट्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोललो आणि एकानंही मला अडवलं नाही. चेअरमनच्या फोटोकडं पुन्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. त्या महिन्यात अख्ख्या गावाच्या दुधाची फॅट वाढली असंही लोक म्हणायचे. म्हणजे मी म्हणायचो, आणि आता लोक मान डोलवायचे.

फोटो टांगला त्याच संध्याकाळी मावशी दुधाची किटली घेऊन सोसायटीत आल्या. मी त्यांना हाताला धरून फोटोपुढं उभं केलं. "बघा मावशी! तुमच्या कडब्याचं सोनं झालं. सगळा माळ ह्यात आलाय!"

मावशींनी किटली खाली ठेवली. फोटो वरपासून खालपर्यंत बघितला, मान वाकडी करून बाजूनं बघितला, चौकट उचलून भिंतीच्या बाजूनंही बघितला. मग किटली उचलली.

"ह्यात म्हस न्हाय."